विसावं नाव

कवठगव्हाणच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर वीस मुलं होती. त्यातली एकोणीस शाळेत येत. विसावी, तिसरीतली गीतांजली, जुलैपासून तेल्हाऱ्यात राहत होती, आणि हे शाळेतल्या दोन्ही शिक्षकांना ठाऊक होतं.

तिचे वडील सूर्यभान यांचा गावात भाजीचा लहानसा मळा होता. तेल्हाऱ्याच्या बाजारात मेहुण्याचं भाजीचं दुकान चांगलं चालत होतं, त्याला हाताखाली माणूस हवा होता. तेव्हा मळा चुलतभावाला करायला देऊन सूर्यभान बायको-मुलीला घेऊन तिकडे गेला. जाताना म्हणाला होता, "जमलं तं राहू मॅडम, नाई तं दिवाळीले वापस येतो." म्हणून चारुता मॅडमनी नाव तसंच ठेवलं. त्यात तेव्हा काही खोट नव्हती.

ऑगस्टमध्ये पंचायत समितीकडून पत्र आलं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा शेजारच्या शाळेत समायोजित करण्याचा प्रस्ताव होता आणि तालुक्यातल्या अशा शाळांची यादी मागवली होती. त्याच आठवड्यात तेल्हाऱ्याच्या शाळेनं सरकारी पोर्टलवर गीतांजलीचं नाव आपल्याकडे वळवून मागितलं. शाळेचं ऑनलाइन काम चारुताच करायची, स्वतःच्या मोबाइलवर. तिनं वामनराव सरांना विचारलं. सर मुख्याध्यापक, निवृत्तीला नऊ महिने उरलेले. ते म्हणाले, "राहू द्या थोडे दिवस. कोणी विचारलं तर बघू."

थोड्या दिवसांचे चाळीस दिवस झाले. विनंती मोबाइलवर तशीच दिसत होती. सलग गैरहजेरी दिसू नये म्हणून सरांनी सांगितलं तशी चारुता आठवड्यातून दोनदा-तीनदा गीतांजलीच्या नावापुढे हजेरी लावू लागली. पहिल्यांदा लावली तेव्हा तिचा हात अडखळला. नंतर तेवढा अडखळला नाही, आणि याचीच तिला जास्त भीती वाटू लागली. अकोटला घरी गेल्यावरही ती पुन्हा पुन्हा शाळेचा ग्रुप उघडून बघायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "कोणाचा मेसेज यायचा आहे का?" ती नाही म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तो मेसेज आला. सोमवारी विस्तार अधिकारी पटपडताळणीला येणार होते. सगळी मुलं आधार कार्डासह हजर ठेवावीत.

वामनराव सरांनी मेसेज दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एका दिवसाचा प्रश्न आहे मॅडम. रविवारी तेल्हाऱ्याला जा. पोरीला आणा. सोमवारी दोन वाजता बापाला म्हणावं घेऊन जा."

"आणि साहेबांनी तिला काही विचारलं तर?"

"हुशार पोरगी आहे. समजावून सांगा." मग ते म्हणाले, "शेजारचं गाव अडीच किलोमीटर आहे. मधात नाला आहे, त्याच्यावर पूल नाही. पहिलीचं लेकरू पावसाळ्यात कसं जाईल, सांगा तुम्हीच. आपण कोणाचं वाईट करून राहिलो का?"

नाला चारुतानं पाहिला होता. जुलैत दोन दिवस तो असा भरून आला होता की पलीकडच्या शेतात गेलेली माणसं संध्याकाळपर्यंत परतू शकली नव्हती.

पार्बताबाई दाराशी उभं राहून ऐकत होत्या. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. गीतांजली त्यांची नात. मुलगा-सून तेल्हाऱ्याला गेल्यापासून त्या घरात एकट्याच होत्या, आणि शाळा बंद झाली तर खिचडीचं कामही जाणार होतं.

"मी येतो मॅडम तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "मी सांगतलं म्हनजे पोरगी येते."

रविवारी सकाळी स्कुटीवर मागे पार्बताबाई आणि त्यांच्या मांडीवर नातीसाठी घेतलेल्या सीताफळांची पिशवी, अशा दोघी निघाल्या. रस्ताभर पार्बताबाई बोलत होत्या. सूर्यभान लहानपणी याच शाळेत होता, तेव्हा दोन वर्ग पिंपळाखाली भरायचे, दोघीतिघी जावाजावांची पोरं एकाच पाटीवर लिहायची. चारुता हूं हूं करत होती. तेल्हारा जवळ आलं तसा तिनं स्कुटीचा वेग कमी केला.

मेहुण्याच्या दुकानामागं दोन खोल्या होत्या. सूर्यभान मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. चारुताला पाहून तो लगबगीनं उठला, हात धुतले, खुर्ची पुढे केली. त्याची बायको साधना चहा घेऊन आली. चारुतानं कामाचं सांगितलं तेव्हा सूर्यभाननं एका वाक्यात होकार दिला.

"घेऊन जा मॅडम. माही शाळा हाय ते. एका दिवसानं काय होते?"

साधना कपबशा गोळा करता करता थांबली. "अन् साहेबानं इचारलं, कुठं राहते, तं काय सांगन ते?"

"सांगन का आजीजवळ राहतो," पार्बताबाई म्हणाल्या. "त्यात काय हाय? आजीचं घर हाय ना."

"आत्याबाई, ते तिथं राहत नाई."

"तुले काय जाते वं? तुह्यी पोरगी सायबाच्या समोर पाच मिनटं उभी राहीन."

"मले काय जाते?" साधनानं आवाज वाढवला नाही. ती चारुताकडे वळली. "मॅडम, इकडच्या शाळेत तिचं नाव हजेरीत नाई. तिथल्या मॅडम पेनानं सगळ्याइचे नाव लिहितात, हिचं पेन्शिलीनं शेवटी लिहिलं हाय. पुस्तकं आले, तिले भेटले नाई. शेजारच्या पोरीचं पाहून अभ्यास करते. मी दोनदा जाऊन आली. ते म्हनतात, जुन्या शाळेनं नाव सोडलं नाई. मी म्हनलं, आमच्या मॅडम तशा नाईत, त्याइच्या ध्यानात राहिलं नसन."

चारुताच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला. चाळीस दिवस ती विनंती म्हणजे मोबाइलवरची एक ओळ होती. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला गीतांजली पुस्तकाशिवाय बसलेली असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. तिनं ते येऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात गीतांजली बाहेरून पळत आली. मॅडमना पाहून दारातच थबकली, मग हसली. दोन महिन्यांत ती उंच झाली होती.

"मॅडम, तुमी इकडं कशा?"

"तुले न्यायले आल्या," आजी म्हणाली. "उद्या तुले आपल्या शाळेत जायचं हाय. मोठे साहेब येऊन राहिले."

"एकच दिवस?"

"हो," चारुता म्हणाली. मग सरांनी सांगितलं होतं ते तिनं सुरू केलं. तिचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. "साहेबांनी विचारलं, कुठं राहतेस, तर काय सांगशील?"

गीतांजलीनं आजीकडे पाहिलं, मग आईकडे. "तेल्हाऱ्याले?"

"नाही. कवठगव्हाणला राहते, आजीजवळ, असं सांगायचं."

"मी कवठगव्हाणले राहतो, आजीजवळ," गीतांजली म्हणाली. धडा म्हणून दाखवावा तसं, हात मागे बांधून.

"रोज शाळेत येतेस का?"

"हो, रोज येतो."

"छान," चारुताच्या तोंडून सवयीनं निघालं.

गीतांजली जरा विचारात पडली. "अन् मंगळवारी इकडच्या मॅडमनं इचारलं, काल काहून नाई आली, तं त्याइले काय सांगू?"

चारुतानं उत्तर शोधलं. तापाचं सांग. लग्नाचं सांग. दोन्ही तिच्या जिभेवर आलं होतं, आणि ही पोरगी तेही हात मागे बांधून जसंच्या तसं म्हणून दाखवेल हे तिला दिसत होतं. चार महिने खपून तिनं या मुलीला जोडाक्षरं शिकवली होती.

"कोणाला काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "तू उद्या तुझ्या शाळेत जा. इथल्या."

तिनं पर्समधून मोबाइल काढला. पोर्टल उघडायला वेळ लागत होता. दुकानामागं नेटवर्क धड नव्हतं. ती उठून दाराशी गेली. पार्बताबाईंना काय चाललंय ते कळलं.

"मॅडम, थांबा ना. सरायले तं इचारा."

"विचारलं तर ते नाही म्हणतील, पार्बताबाई."

विनंती मंजूर झाल्याचा हिरवा संदेश आला. चारुतानं तो साधनाला दाखवला. "दाखलाही पाठवते. या आठवड्यात पुस्तकं मागा, आता मिळतील." साधनानं मान हलवली. सूर्यभान मात्र खाली बघत जुडीची सुतळी सोडत-बांधत राहिला.

परतताना पार्बताबाई एक शब्द बोलल्या नाहीत. गावात उतरल्यावर म्हणाल्या, "तुमची नोकरी जात नाई मॅडम. तुमाले दुसरी शाळा भेटते," आणि वळून चालू लागल्या. खरंच होतं ते.

वामनराव सरांना तिनं फोनवर सांगितलं. "एकोणीस," ते म्हणाले. "तुम्ही एकटीनं ठरवलं. आता उद्या तुम्हीच बोला साहेबांशी," आणि फोन ठेवला.

सोमवारी अकरा वाजता विस्तार अधिकारी आले. मध्यमवयाचे, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. मुलांची आधार कार्डं पाहिली, दुसरीच्या पोराला सतराचा पाढा विचारला आणि तो आल्यावर शाबासकी दिली. एकोणीस मुलं मोजून झाल्यावर त्यांनी हजेरीपट ओढला. त्यांचं बोट एका नावावर थांबलं.

"हिचं नाव काल कमी केलंय. पण नऊ तारखेला, बारा तारखेला ही हजर आहे. पोर्टलवर तेल्हाऱ्याची मागणी तर ऑगस्टची दिसते."

चारुतानं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"ती हजर नव्हती सर," ती म्हणाली. "हजेरी मी लावली. पट वीस राहावा म्हणून."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? हे मला लिहावं लागेल."

"हो सर."

दाराशी हालचाल झाली. पार्बताबाई पदराला हात पुसत आत आल्या. त्या आजवर अशा कोणा साहेबासमोर बोलल्या नव्हत्या.

"साहेब, ते नात हाय माही. नाव राहू द्या, राहू द्या म्हनून मीच याइच्या मांगं लागली होती. काल मॅडमनं तिचं नाव सोडलं तं मी याइच्यासंगं बोलली नाई. मॅडमचं एकटीचं लिहू नोका. माहं बी लिहा."

साहेबांनी पार्बताबाईंकडे पाहिलं. मग सरांकडे. सरांचा हात टेबलावरच्या चष्म्याशी चाळा करत होता, एवढंच.

"हा नाला कुठे आहे, ज्याबद्दल गावानं अर्ज दिलाय?" साहेबांनी विचारलं.

चारुतानं त्यांना तो नेऊन दाखवला. पाऊस थांबून आठवडा झाला होता, तरी पाणी गुडघ्याच्या वर होतं. साहेबांनी काठावर उभं राहून फोटो काढले आणि काहीही आश्वासन न देता निघून गेले.

पंधरा दिवसांनी चारुताला कारणे दाखवा नोटीस आली. तिनं जे घडलं तेच लिहून दिलं, सरांचं नाव न घेता. तिची एक वेतनवाढ रोखली गेली. वामनराव सर नंतर तिच्याशी कामापुरतं बोलत. मे महिन्यात निवृत्त होताना त्यांनी किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "मी बोलायला पाहिजे होतं त्या दिवशी." तिला वाटलं ते आणखी काही म्हणतील. पण बाहेर जावई गाडी घेऊन थांबला होता.

शाळा त्या वर्षी बंद झाली नाही. पूल होईपर्यंत समायोजन पुढे ढकलावं, असा शेरा साहेबांनी दिला होता. जानेवारीत पुलासाठी मोजणी झाली. गाव खूश झालं आणि चारुताची झोप उडाली. पूल व्हावा की होऊ नये, हे तिला कोणाजवळ बोलून दाखवता येईना.

जूनमध्ये चौथीची चार मुलं पाचवीसाठी बाहेरगावी गेली. पहिलीत दोघं आली. सतरा. सरांच्या जागी कोणी आलं नाही. चारही वर्ग आता तिच्याकडे होते. शाळा सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा एक अनोळखी बाई दोन मुलींना घेऊन व्हरांड्यात येऊन उभी राहिली. नवरा गावातल्या एका मोठ्या शेतावर वर्षभराच्या बोलीनं सालदार म्हणून लागला होता.

"याइचं नाव टाकायचं हाय," ती म्हणाली.

"तुम्ही इथंच राहणार ना?" चारुतानं विचारलं. मुलींची नावं विचारायच्याही आधी.

बाईच्या चेहऱ्यावर भीती उमटली. "काहून मॅडम? नाई घेत का?"

"घेते," चारुता म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं दोन्ही मुलींना आत बोलावलं, चटईवर जागा करून दिली आणि धाकटीसमोर खाली बसून विचारलं, "नाव काय गं तुझं?"