निळ्या कमळाचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. नाईलच्या पश्चिम काठावर, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या गावात मी घडलो. अंगावर निळी झिलई, आकार कमळाचा. माझी भावंडे देवळात गेली. सणाला त्यांतून निळी कमळे भिजवलेले मद्य देवीपुढे ठेवत. मी हुनेरो नावाच्या वैद्यीणबाईच्या वाट्याला आलो. तसेच मद्य ती दुखण्यावर देई, पण मोजून. त्यासाठी माझ्या आत तिने एक रेघ ओरखडली होती.

एका दुपारी पाशेद नावाच्या पाथरवटाच्या पायावर शिळा कोसळली. त्याचा भाऊ इपुई त्याला पाठीवर घेऊन आला. हुनेरोने मला रेघेपर्यंत भरले.

“मावशी, लवकर दे. बघवत नाही.”

तिने मला पाशेदच्या ओठांना टेकवले आणि ती थबकली. मी अजून कलंडलोही नव्हतो, तरी त्याच्या श्वासाला कमळाचा वास येत होता.

“वाटेत याला काय पाजलंस?”

“पाणी.”

“पाण्याला असा वास नसतो, इपुई. देवळातलं का?”

इपुईचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. देवीचा नैवेद्य चोरणाऱ्याचे नाक कापतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

“देवळातल्यात भुलीचं मूळ घालतात. त्यावर हे गेलं, तर हा झोपेल तो कायमचाच. नाक वाचवायचं की भाऊ, तू ठरव.”

“दे गं मावशी,” पाशेद कण्हला. त्याने माझा काठ दातांत धरला. हुनेरोने मला ओढले नाही, ओतलेही नाही. ती इपुईकडे बघत राहिली. माझ्यातले मद्य हिंदकळत होते.

“देवळातलंच,” इपुई अखेर पुटपुटला. “दोन पेले.”

तिने मला जमिनीवर उपडे केले. पाशेदच्या दातांत चामड्याचा तुकडा दिला आणि हाड बसवले. त्याची किंकाळी मी आजही विसरलेलो नाही. मग तिने त्याला झोपू दिले नाही. गालावर चापट्या मारी, शिव्या देई. दिवस मावळताना तो म्हणाला, “म्हातारे, पुरे आता. भूक लागलीय.”

इपुईने आपण होऊन देवळात जाऊन चोरी कबूल केली. शंभर फटके बसले, पण नाक राहिले. हुनेरोने त्याच्या पाठीला मध लावला. म्हणाली, “आता दोघं भाऊ शेजारी शेजारी पडा. मला हेलपाटे नकोत.”

पुढे हुनेरो वारल्यावर मला कोणी विचारले नाही. मी कोनाड्यात धूळ खात पडलो. त्याची तक्रार नाही, मित्रांनो. मागणे एकच आहे. आजाऱ्याला आधी काय दिले, असे वैद्याने विचारले, तर लाज आणि भीती बाजूला ठेवून खरे सांगा. इपुईला बोलायला जेवढा वेळ मिळाला, तेवढा प्रत्येकाला मिळतोच असे नाही.