पाऊण मीटरचं पोलकं

"चार," असं म्हणून परशराम साहेबांनी कॅल्क्युलेटर सुलाबाईंच्या नाकासमोर धरला. "बघा की. अठ्ठेचाळीस मीटर कापडात चार पोलकी बसत्यात. तुम्ही चौसष्ट कुठनं आणलीसा?"

निपाणीच्या मुलींच्या वसतिगृहात सुलाबाई बावीस वर्षं शिवणकाम करत होत्या. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. साहेब तिथले अधीक्षक. खडेबाजारातून आणलेला तो कॅल्क्युलेटर एकोणऐंशी सालात अख्ख्या गल्लीत एकच होता, त्यामुळे खिशात मावत नसला तरी साहेब तो खिशातच कोंबत.

एका पोलक्याला ३/४ मीटर, असं कागदावर लिहिलेलं. साहेबांनी दिसलं तसं दाबलं: अठ्ठेचाळीस, भागाकार, तीन, भागाकार, चार. यंत्रानं मुकाट्यानं आधी तीननं भागून सोळा काढले, मग सोळाला चारनं भागून चार. तीन आणि चार मिळून एकच पाऊण होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तीन मीटरात चार बसत्यात, साहेब," सुलाबाई बोटं मोजत म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसात असं तीन सोळा येळा. सोळा चोक चौसष्ट."

साहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल चारच उगवला. बाईंची बोटं गावची होती, यंत्र जपानचं.

म्हणजे साठ पोलक्यांचं कापड चोरीचं. कापड कमी भरल्याच्या चौकश्या वसतिगृहानं पुष्कळ पाहिल्या होत्या, शिवलेलं जास्त भरल्याची ही पहिलीच. चिकोडीहून तपासनीस आले. त्यांनीही चहा पिता पिता बटणं दाबून पाहिली आणि मान डोलावली. शिवलेलं कापड मोजता येत नाही, तेव्हा पोलकी उसवून मोजून दाखवा, नाहीतर नोकरी गेली समजा, असं ठरलं.

मुली आपापली पोलकी घेऊन आल्या. आठच दिवस घातलेली. सगळ्यांत धाकटी गंगव्वा अंगातलं काढेना.

"माझं एक राहू दे की गं, आक्का. एकानं काय हुतंय?"

सुलाबाईंनी तिच्या खांद्यावर जुनं पोलकं टाकलं आणि नवं हळूच काढून घेतलं.

तीन दिवस त्या उसवत बसल्या. तुकड्याला तुकडा जुळवून सगळं ओसरीवर मांडलं. चिंध्यांसकट अठ्ठेचाळीस मीटर भरलं. तपासनीसांनी समाधानानं लिहिलं, कापड पूर्ण आढळले, तयार पोलकी एकही नाही. तुकडे पुरावा म्हणून कपाटात गेले, कपाटाला लाखेचं सील लागलं. आणि वर्षभरात एकही पोलकं न शिवणारी बाई कशाला पोसायची, म्हणून सुलाबाईंना कामावरून कमी केलं.

"मोजून भरलं न्हवं, साहेब?" त्यांनी विचारलं.

"भरलं की. कापडाबद्दल तुमच्यावर आता काय बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाईंनी शिलाईचं मशीन पुसलं, सुई काढून डबीत ठेवली, तेल घातलं. पायानं थोडं रिकामंच चालवून पाहिलं.

मुली शाळेला निघाल्या होत्या. गंगव्वानं जुन्या पोलक्याची काखेतली फाट कोपरानं दाबून धरली होती. सुलाबाई दारात आल्या.

"शाळा सुटली की माझ्या घराकडं ये गं," त्या म्हणाल्या. "तेवढं टाचून देते."