खाऱ्या पाण्याची वाफ

"मीठ कायले एवढं टाकून राह्यल्या, बाई? समुद्र करून राह्यल्या का लोणचं?" शिपाई डोंगरसिंग चुलीत फुंकता फुंकता पुटपुटला.

कुंदाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दारव्ह्याकडच्या त्या गावात समुद्र पाहिलेला एक माणूस नव्हता. खुद्द बाईंनीही तो नकाशावरच पाहिलेला. पण चार दिवसांनी डिप्टी साहेब शाळेच्या तपासणीला यायचे होते, म्हणून बाईंनी पुस्तक मिटून पातेलंच चुलीवर चढवलं. खारं पाणी उकळायचं, वर थंड थाळी धरायची आणि थाळीला जमलेले थेंब पोरांनी चाखायचे. समुद्र खारा, मग पाऊस गोडा कसा?

चौथीच्या वर्गात उत्तर एकटीला आलं. उकंडाची मुलगी नलू म्हणाली, "मीठ मांगंच राह्यते, बाई. आमच्या हिरीचं पाणी चुलीवर आटलं का गंजाले आतून पांढरं धरते."

थाळीही तिनंच नीट धरली. एक थेंब सांडला नाही. बाईंनी तिथल्या तिथं ठरवलं, साहेबांपुढे प्रयोग नलूच करणार.

दुसऱ्या दिवसापासून गावाला अडचणी सुचू लागल्या. एकीच्या पोराला खोकला झाला. एकीनं मंगळवारचा उपास काढला, तोही बुधवारी. शोभाची आई म्हणाली, "वाफेचं पाणी बाधते म्हणतात, बाई." वर्षानुवर्षं भाताच्या झाकणावरून ठिबकणारं तेच वाफेचं पाणी कुणाला बाधलं नव्हतं.

शेवटी हेडगुरुजी श्रीकृष्णपंत गोड आवाजात म्हणाले, "नलूला आपण वारा करू. दारात उभं राहून पंखा हलवेल. वाराही महत्त्वाचाच, नाही का?"

वाऱ्याला कशालाही हात लावावा लागत नाही. बाईंच्या कानशिलांत आग उठली. तरी त्या "बरं" म्हणाल्या. घरी जाऊन स्वतःवर इतक्या चिडल्या, की वरण करपलं.

तपासणीच्या दिवशी थाळी वर्गातल्या नंदकिशोरनं धरली. पोरांनी थेंब चाखले, माना डोलावल्या.

"मीठ कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं.

नंदकिशोर थाळीकडे पाहत राहिला. मग छताकडे.

"मांगंच राह्यलं, साहेब," दारातून आवाज आला. "पातेल्यात पाहा."

साहेबांनी पातेल्यात पाहिलं. कडेला पांढरी रेघ धरली होती. ते हसले. "मग थाळी या मुलीकडे का नाही?"

"लाजते," गुरुजी म्हणाले.

"आता तर बोलली."

"हात कापतो तिचा."

नलूनं आपल्या हाताकडे पाहिलं. पंखा अगदी स्थिर होता. मग तिनं बाईंकडे पाहिलं; रागानं नाही, नुसतं, फळ्यावरचं गणित चुकलेलं दिसावं तसं.

"बाई, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले.

गुरुजींनी डोळ्यांनी खूण केली. डोंगरसिंग चुलीतलं विझलेलं लाकूड उगाच हलवत बसला. बाईंना वाटलं, आता खोटं बोलले तर या पोरीला भूगोल शिकवायचं तोंड राहणार नाही.

"साहेब, हिच्या हाताला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी हिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, गावानं मात्र त्यांची जुनी जात सोडली नाही. हिच्या हातच्या थाळीतलं पाणी गावातली पोरं तोंडात घालत नाहीत, म्हणून हिला वारा केलं. आणि ते ठरलं तेव्हा मी 'बरं' म्हणाले."