चटईखाली कोण आहे?

उजाडता उजाडता सेमिसीचं घराणं लागीच्या अंगणात येऊन गुडघ्यांवर बसलं आणि डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढून घेतली. या बेटांवर इफोगा म्हणतात याला. दुखावलेल्या घरानं चटई उचलली, की माफी मिळाली.

सेमिसीनं कोयत्यानं लागीचा खांदा फाडला होता. आता त्याला तुरुंगातून लवकर सोडून गावी पाठवायचं घाटत होतं. फक्त लागीच्या घरानं माफ करायला हवं होतं.

घराचा प्रमुख तिचा थोरला भाऊ तुइलोमा. त्याचं लक्ष चटईपेक्षा शेजारी बांधलेल्या, भेट म्हणून आणलेल्या डुकराकडे जास्त.

"लागी, उचलतो मी. बिचारे केव्हाचे बसलेत."

"थांब दादा. खाली कोण कोण आहे?"

"असं विचारत नसतात."

"कोयता मारताना तरी मला कुठे विचारलं होतं?"

कैद्यांच्या सुटकेचं बघणाऱ्या, प्रोबेशनच्या एतीबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तो फार सुधारलाय गं. सुतारकाम शिकला. प्रार्थनेत गातोसुद्धा."

"गात तो आधीही होता, बाई. मला मारलं त्याच रविवारी एकट्यानं गायला होता."

तेवढ्यात चटई खोकली. खोकला म्हातारीचा होता.

"फाआमू मावशी, तू का?"

"मीच गं," चटई म्हणाली.

"आणि तुझा लेक?"

उत्तर एतीबाईंनी दिलं, पायांकडे बघत. सेमिसी रस्त्यापलीकडे पोलिसांच्या गाडीत बसला होता. त्यानं लागीच्या घराजवळ फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता, आणि तो लागीच्याच अर्जावरून निघाला होता.

"म्हणजे माझ्या रक्षणासाठी तो माझी माफी मागायला आला नाही."

"कायद्यानं पाहिलं तर तसंच. तुझी परवानगी असती तर..."

"ती कुणी मागितली माझ्याकडे?"

"तुझ्या दादांशी बोललो होतो आम्ही."

दादा एकाएकी आभाळ न्याहाळू लागला.

"आणा त्याला," लागी म्हणाली. "मावशी, तू आत ये, कोको घे. बाकीचेही उठा."

सेमिसी मान खाली घालून आला आणि एकटाच चटईखाली शिरला. तुइलोमा चटई उचलायला पुढे सरसावला. त्याला हातानं अडवून लागी चटईसमोर मांडी घालून बसली.

"त्या दिवसाचं सांग."

"दारू जास्त झाली होती..."

"दारूचं वकिलानं सांगून झालंय. तू माझं सांग."

मग चटईतून दबका आवाज आला, "तू दुकान बंद करत होतीस. मी आणखी बाटली मागितली. तू नाही म्हणालीस आणि पाठ फिरवलीस. तेव्हा मारलं."

"कोर्टात काय म्हणाला होतास?"

"तू काठी घेऊन अंगावर आलीस म्हणून."

तुइलोमानं बहिणीकडे पाहिलं. ती काठी त्यालाही इतके दिवस खरीच वाटत होती.

"हेच बाईंसमोर पुन्हा सांग," लागी म्हणाली.

"मग माझी सुटका लांबेल."

"लांबेल. सांगतोस?"

एतीबाई घाईघाईनं म्हणाल्या, "आज हे कशाला, मनं जुळायचा दिवस आहे."

"त्याला बोलू द्या, बाई."

"सांगतो," चटई म्हणाली.

लागीनं चटईची कड धरली. उचलली मात्र नाही.

"आधी सांग तर खरं."