सातव्या सांध्याची मागची बाजू

‘सांधा क्रमांक सात चारही बाजूंनी प्रत्यक्ष तपासला. मागील शिवण पुढच्याइतकीच एकसमान व समाधानकारक आढळली. त्यानंतर सांधा फुटला, यास वेल्डरचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे.’ निरीक्षकांच्या अहवालातले हे तिसरे पान. इतकी समाधानकारक शिवण फुटली कशी, असा प्रश्न अहवालाला पडलेला नाही; सही झाल्यावर अहवालांना प्रश्न पडत नसतात. शिवाय वाफेचा तो पाइप भिंतीपासून अवघा दोन बोटे दूर होता. निरीक्षकांचे मस्तक, त्यांच्याविषयी संपूर्ण आदर राखूनही, दोन बोटांहून रुंद होते.

कपडे धुण्याच्या कारखान्यातला हा पाइप जोडत होती आत्या. फोरमन तिचा सख्खा भाचा; तो आत्या म्हणे, म्हणून इस्त्रीवाल्यांपासून मालकापर्यंत सगळेच म्हणत. वाफ सोडली त्या दिवशी पाइपाने मागून अशी शिट्टी फुंकली, की भिंतीचा गिलावा ढासळला आणि सुरक्षेच्या सूचनांचा फलक सोलून निघाला. फलकासमोर सुदैवाने कोणी नव्हते. तो वाचायला तसेही कधी कोणी नसे. आता चौकशीच्या टेबलावर दोनच वस्तू होत्या: कापून आणलेला सातवा सांधा आणि आत्याचा एकवीस वर्षांचा परवाना. तो रद्द करायचा की नाही, हे आज ठरणार होते.

“आत्या, तोंड आवर हं,” भाचा कुजबुजला. “माफी माग, सुटू.”

“तुझी आईही तुला शाळेत हेच सांगायची, माफी माग म्हणून. आला का तुला तेराचा पाढा?”

चौकशीच्या अध्यक्षांनी विचारले, “बाई, सांधा कसा केलात?”

“पाइपाची दोन्ही तोंडं घासून उतरती केली, साहेब. मधे सळईएवढी फट ठेवून चार टाके मारले. ज्योत मऊ लावली, आतला सुळका निळा नि स्वच्छ. मग दोन्ही कडा एकदम वितळेपर्यंत धीर धरायचा आणि त्या रसात सळई बुडवायची. घाई केली की सळई वितळते, पाइप नुसता बघत बसतो.”

“आणि मागे?”

“मागे केलाच नाही.”

भाच्याने कपाळाला हात लावला. निरीक्षक खुर्चीत फुलून आले. “कबुली! लिहून घ्या!”

“घ्या ना,” आत्या म्हणाली. “मागे वेल्डिंगचा टॉर्च शिरतच नव्हता. क्लॅम्प सोडून पाइप फिरवायचा, मग उरलेला अर्धा. क्लॅम्प सोडणारा दुसऱ्या दिवशी यायचा होता. म्हणून पाइपावर खडूने हे एवढं मोठं लिहिलं, ‘मागची बाजू बाकी’, आणि घरी गेले.”

“खडूबिडू काही नव्हता तिथे!” निरीक्षक कडाडले.

अहवालाची प्रत आत्याने इतक्यांदा वाचली होती, की तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. “साहेब, पाचवं पान बघता का जरा?”

अध्यक्षांनी मोठ्याने वाचले: “‘सांध्याजवळ खडूने लिहिलेली अनावश्यक अक्षरे पुसून स्वच्छता राखण्यात आली व वाफ सोडण्यास मंजुरी देण्यात आली.’”

भाचा खोकला, ते हसू होते. अध्यक्षांनी तुकडा हातात घेऊन फिरवला. पुढे एकावर एक रेललेल्या नखांसारख्या बारीक लाटा, एकही चुकलेली नाही. मागे कोरी खाच, कानशीचे ओरखडे अजून ताजे. सांधा फुटला नव्हता. फुटण्यासाठी आधी जोडलेले असावे लागते. अध्यक्षांनी परवाना उचलून आत्याच्या हातात दिला आणि निरीक्षकांकडे वळून विचारले, “मग तुम्ही नेमकं पाहिलंत तरी काय?”

निरीक्षकांनी दिलेले उत्तर इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदलेले आहे: “साहेब, पुढची शिवण इतकी देखणी होती, की मागे वाकून बघणं म्हणजे बाईंचा अपमान होईल असं मला वाटलं.”