मोंतेकाल्दोचं नववं घर

ओमानात मालकाला अर्बाब म्हणतात. अर्बाब मुनीर इटलीहून परतले ते डोक्यात अख्खं गाव घेऊनच. मोंतेकाल्दो त्याचं नाव. डोंगराच्या टोकावरचं, गरम पाण्याच्या कुंडाचं. त्यांच्या बायकोने, नसीबाबाईंनी, तिथे सात दिवस गुडघे बुडवले आणि आठव्या दिवशी एकशे बारा पायऱ्या चढल्या. आकडा पक्का, कारण मागून येणारे अर्बाब दर दहाव्या पायरीवर बसत होते.

सहा महिन्यांत, २०१६च्या फेब्रुवारीत, गाला भागातल्या आपल्या वर्कशॉपमागच्या उघड्याबोडक्या टेकडीवर तसंच गाव उभं राहिलं. पायऱ्या एकशे बारा. कुंड एक. मनोऱ्यावर रंगवलेलं घड्याळ, कायम पावणेचार. मनोऱ्याच्या पोटात डिझेलचा बॉयलर आणि बॉयलरपाशी दापोलीकडचा दयानंद. पाणी डोंगराच्या पोटातून येतं असं पाहुण्यांना सांगायचं. डोंगर म्हणजे दयानंद.

दयानंदला इटलीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला शिमग्याला गावी जायचं होतं. ग्रामदेवतेची पालखी गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचा मान नऊ घरांचा, पाळीपाळीने, आणि यंदा पाळी त्याच्या घराची. चुकली की पुन्हा नऊ वर्षांनी. तोवर खांदे चोपन्न वर्षांचे होणार आणि कमरेचं तर आत्ताच काही खरं नव्हतं.

अर्ज घेऊन गेला तर अर्बाब म्हणाले, "इन्शाल्ला. आधी इतिहास."

गावाला पाटी हवी होती, इतिहासाची आणि बघण्यासारख्या ठिकाणांची. तिकडची माहितीपुस्तिका नसीबाबाईंनी कुंडात बसून वाचली होती, ती तिथेच विरघळली. "तुझ्या गावात गरम पाणी आहे ना?" अर्बाब म्हणाले. "मग झालं. गरम पाण्याचा इतिहास सगळीकडे सारखाच."

ऑफिसातली पुण्याची किशोरी वही घेऊन बसली. "सांगा दयानंदभाऊ. गाव कुणी वसवलं?"

"गायीनं."

"इटलीत?"

"ताय, गाय रोज एकाच जागी पान्हा सोडायची. गुराख्यानं काठी रोवली, तर वाफ आली."

"इटलीत गुराखी असतात?"

"मग चीज काय झाडाला लागतं?"

किशोरीने लिहून घेतलं. देवी अर्बाबना चालणार नाही म्हणून 'गावची आदरणीय थोरली बाई' असं केलं. ही बाई वर्षातून एकदा पालखीत बसून आंघोळीला येते आणि तिला खांदा द्यायचा मान नऊ घरांचा, हेही पाटीवर गेलं.

उद्घाटनाला सूर बंदराहून ब्रुनो नावाचा एक पाहुणा आला. लाकडी जहाजं बघायला ओमानात आलेला, जन्म मोंतेकाल्दोचा. त्याने पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मनोऱ्याच्या झरोक्यातून दयानंद बघत होता. गेली रजा.

"हे साफ चूक आहे," ब्रुनो ओरडला. "आमच्याकडे खांदा देणारी घरं आठच! नववं उगाच घुसवलंय!"

आता दयानंदचं घर गावात नववंच होतं, आणि हेच वाक्य तो जन्मभर चुलत्यामालत्यांकडून ऐकत आला होता. काजळीने माखलेला डोंगर झरोक्याशेजारच्या दारातून बाहेर आला.

"नववं घर पायऱ्या धुतं!" तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत गरजला.

"पायऱ्या धुतल्या म्हणून खांदा मिळत नाही!"

"नाय धुतल्या तर शेवाळावरून खांदेकरी घसरतील! म्हातारी पडंल! मग?"

ब्रुनोचा चेहरा पडला. "माझे आजोबा घसरले होते," तो हळूच म्हणाला. "घरात कुणी हा विषय काढत नाही." आणि त्याने दयानंदला काजळीसकट मिठी मारली.

अर्बाबचे डोळे भरून आले. "एवढा जाणकार माणूस! याला आता कुठे सोडायचा? रजा खलास."

तासाभराने दयानंद किशोरीपुढे उभा राहिला. "ताय, पाटीत एक ओळ वाढवा."

"खोटं लिहू?"

"आत्तापत्तुर काय लिवलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीबाबाईंनी कुंडात पाय घातला आणि त्यांची किंकाळी खाली वर्कशॉपपर्यंत पोचली. अर्बाब धावत वर आले, म्हणजे अकरा ठिकाणी बसत आले. पाणी बर्फ. पाटीवर, अजून ओल्या रंगात: फाल्गुनी पौर्णिमेआधी नवव्या घराचा माणूस पंधरा दिवस गावाबाहेर गेला नाही, तर पाणी थंड पडतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"इतिहास वाचायचा असतो, अर्बाब."

अर्बाबनी पाटीवरच कागद टेकवून सही केली. हाताला रंग लागला, तो अंगातल्या पायघोळ कंदुऱ्याला पुसला. मग जरा घुटमळत म्हणाले, "दहावं घर माझं लिही."

"लिवतो की. नव्या घरानं पायऱ्या धुवायच्या असतात."

अर्बाबनी खाली बघितलं. एकशे बारा. "आठच घरं बरी होती," ते पुटपुटले.

विमानाच्या दिवशी किशोरीने दयानंदला गेटवर गाठलं. "ते सगळं ठीक आहे हो. पण तुम्ही गेल्यावर पाणी गरम कसं होणार?"

दयानंदने खिशातून मनोऱ्याची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"हिरवं बटण. सकाळी सहाला. आणि झरोक्यातून खोकायचं नाय, ताय. डोंगर खोकत नाय."