भोपळ्याची पांढरी बाजू

गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या हमरापुरात ज्याला रंगकाम येत नाही त्याच्या तब्येतीची लोक चौकशी करतात. काळुराम ठणठणीत होता, फक्त त्याचा हात कापायचा. गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्याला एकदाच करू दिली होती. तो गणपती भक्तांकडे पाहायचा सोडून शेजारच्या गणपतीकडे पाहू लागला. तेव्हापासून काळुरामने जन्मभर प्लास्टरच्या गोण्या उचलल्या आणि वाहवा बायकोची ऐकली. वनिताची आखणी पाहायला पेणहून कारखानदार यायचे.

म्हणून रोह्याच्या उबेदने आखातातून येताना शोभेच्या भोपळ्याचं बी आणलं, तेव्हा काळुरामने ते देवाचा अंगारा घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं.

"खाली हिरवे-पांढरे पट्टे, वर लालभडक फेटा," उबेद म्हणाला. "लावून बघ, काळूभाई. भाजीबिजी करू नको, नुसता बघत बस."

पाऊस सरल्यावर काळुरामने परसात आळी केली, शेणखत घातलं, वेल जमिनीवर मोकळे सोडले. सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर झटकायचं असतं. या कामाला कापरा हात म्हणजे वरदानच. झटकायचं वेगळं लागतच नव्हतं. भोपळे धरले, फुगले, त्यांच्या डोक्यावर फेटे चढले. सालीत नख रुतेना आणि देठ बुचासारखा वाळला, तेव्हा त्याने ते देठासकट कापले आणि ओटीवर सावलीत वाळत मांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी रंगीत निघालं होतं.

पहिला शेजारी आला आणि म्हणाला, "वा! वहिनींनी काय रंग मारलाय!"

दुसरा म्हणाला, "वहिनी, पट्टे स्प्रेने मारले का ब्रशने?"

"वेलाने मारले!" काळुराम ओरडला. "वेलाला आलेत ते! वेलाला!"

"व्हय, व्हय," म्हणत शेजारी हसत गेला.

काळुरामला जेवण जाईना. चतुर्थीला घराघरांतून देव रंगवून पाठवणारं हे गाव, आणि देवाने एक भोपळा रंगवून पाठवला तर विश्वास ठेवायला तयार नाही! रोह्याला एका मंडळाने फळाफुलांचं प्रदर्शन ठेवलं होतं. तिथे परीक्षक असतील, जाणकार असतील. सर्वात देखणा भोपळा टॉवेलात गुंडाळून काळुराम जिते स्टेशनावर गाडीत बसला. सोबत वनिता. तिने वाटेत टॉवेल तीनदा उघडून पाहिला आणि तीनदा समाधानाने मिटला.

परीक्षक आदेशसाहेब भोपळ्यापुढे थांबले. चिठ्ठीवरचं गाव वाचलं आणि गालात हसले.

"हमरापूर का! मग कलाकुसरीचं टेबल तिकडे, काका."

"हा कलाकुसर नाय, भोपळा हाय!"

"भोपळा आहेच हो. पण रंगवलेला भोपळा फळभाजीत कसा घेणार?"

काळुरामची कानशिलं तापली. उबेद रोह्याचाच, तोही गर्दीतून पुढे आला. काळुराम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, भोपळा ज्या बाजूने जमिनीला टेकतो ती बाजू पांढरी राहते. ऊनच लागत नाय तिला. रंगवणारा माणूस ती बाजू सोडील का? ही बघा पांढरी बाजू!"

आणि त्याने भोपळा थाटात उलटा केला.

पांढरी बाजू नव्हती. तिथे हिरवे-पांढरे पट्टे होते, वरच्या पट्ट्यांना केसाचीही फट न ठेवता जोडलेले. आदेशसाहेबांनी ओला रुमाल फिरवला. रुमाल हिरवा झाला.

काळुरामने बायकोकडे पाहिलं.

"काय गो हे?"

"तेवढं एवढंसं फिकं होतं," वनिता म्हणाली. "आपल्या घरातनं कधी अर्धवट माल बाहेर गेलाय?"

"माल? हा माल हाय?"

"ओरडताय कशाला? जोड दिसला का कुणाला? साहेब, तुम्हाला दिसला?"

"नाही दिसला, बाई," आदेशसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "म्हणून तर कलाकुसरीत ठेवा म्हणतो. पहिला नंबर नक्की."

"रंग तेवढ्याच जागी हाय! बाकीचं पुसून बघा!" काळुराम गरजला. पण हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्याने शेजारच्या शहाळेवाल्याचा कोयता उचलला आणि आपल्या हाताने वाढवलेला सर्वात देखणा भोपळा टेबलावर मधोमध चिरला. आत केशरी गर, भरगच्च बिया, आणि चिरलेल्या सालीच्या कडेत आतवर मुरलेला लाल-हिरवा रंग.

हसणं थांबलं.

"मान्य," आदेशसाहेब म्हणाले. "खरा भोपळा. वरचा रंगही सालीचाच. माझी चूक झाली, काका." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण कापलेलं फळ स्पर्धेत चालत नाही."

उबेदने दोन्ही फाकी टॉवेलात गुंडाळून दिल्या.

घरी येताच वनिताने त्यांचे घारगे तळायला घेतले. घारगे चांगले झाले आहेत हे काळुरामने शेवटपर्यंत कबूल केलं नाही; तो फक्त पुन्हा पुन्हा वाढून घेत होता. हात धुऊन तो ओटीवर गेला आणि उरलेले भोपळे एकेक करून उलटे केले. सगळे पट्टेदार. एकही सोडला नव्हता.

"वनिता!"

"काय झालं? सुकलेत सगळे, हात लावा बिनधास्त!"

परसात वेलावर एकच भोपळा उरला होता. त्याचा देठ वाळेपर्यंत काळुरामने घरातले ब्रश उबेदकडे ठेवायला दिले. मग तो भोपळा देठासकट कापून त्याने ओटीवर आणला आणि उलटा ठेवला, पांढरी बाजू थेट रस्त्याकडे करून. जवळच मुद्दाम खुर्ची टाकून बसला. बघू दे आता गावाला.

पहिलाच शेजारी रस्त्यावर थबकला. भोपळा निरखला. मान हलवली.

"काळूदादा, ह्याच्यावर रंगाचा एक हात मारायचा राह्यला वाटतं."

काळुराम ताडकन उठला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात आतून वनिताचा आवाज आला.

"ऐकलंत? मी काय सांगत होते?"